पंखाची मागची कड

आमचं मैदान अर्धं वर्ष नसतं.

ते एका एरीचा तळ आहे. एरी म्हणजे बांध घालून अडवलेलं पावसाचं पसरट, उथळ तळं. तमिळ मुलखात अशी तळी हजारोंनी आहेत, चेन्नईच्या भोवतीही आहेत. ऑक्टोबरात ईशान्य मोसमी पाऊस लागला की आमच्या धावपट्टीचा आधी चिखल होतो, मग तिथे पाणी उभं राहतं. डिसेंबर सरला तरी पाणी लगेच हटत नाही. मार्चच्या सुमाराला तळ उघडा पडू लागतो, भेगाळतो, शेळ्या येतात, कडेच्या वेड्या बाभळी आणखी एक पाऊल आत सरकलेल्या दिसतात. मग एखाद्या शनिवारी रात्री कुणाचा तरी फोन येतो : जमीन आली.

मधल्या महिन्यांत आमची रेडिओवर उडणारी छोटी विमानं घरात, कपाटावर, पलंगाखाली असतात. फ्लॅप लावायचे, जुळवायचे ते याच दिवसांत. बाहेर पाऊस, आत टेबलावर दिवा, आणि दिव्याखाली फोमचा एक पांढरा पंख उताणा पडलेला. हवेत जे करायचं, त्यातलं बहुतेक सगळं इथेच ठरून जातं.

•

प्रवासी विमानात पंखाच्या मागच्या खिडकीशी बसलेल्या माणसाने फ्लॅप पाहिलेले असतात. विमान उतरायला लागलं की पंखाच्या मागच्या कडेतून पट्ट्या बाहेर सरकतात, खाली वाकतात, पंख एकाएकी मोठा आणि म्हातारा दिसू लागतो. ए-320 च्या वैमानिकापुढच्या दांडीवर त्याच्या खुणा असतात : 1, 2, 3, फुल. आमच्या हातातल्या रेडिओवर तीन टप्प्यांची एक छोटी कळ असते. वर, मध्ये, खाली. एवढाच फरक, असं म्हणणार होते. पण ते खरं नाही. त्यांच्या दांडीमागे अनेक अभियंत्यांचा हिशेब आहे. आमच्या कळीमागे आम्हीच.

•

फ्लॅप काय करतो? पंखाला जास्त वाक देतो. जास्त वाकलेला पंख हवेला जास्त खाली ढकलतो, म्हणून कमी वेगातही वजन पेलतो. आणि हवेला अडवतोही जास्त.

माझं विमान 1400 ग्रॅमचं. पंखाचं क्षेत्रफळ 28 चौरस डेसिमीटर, म्हणजे दर चौरस डेसिमीटरवर 50 ग्रॅमचा भार. फ्लॅप न लावता हे विमान ताशी 30 किलोमीटरच्या खाली गेलं की पंख हवेवरची पकड सोडतो, असं गणित सांगतं. पूर्ण फ्लॅपने उचलण्याची ताकद एक तृतीयांशाने वाढली असं धरलं, तर तीच सीमा 26 वर येते. चार किलोमीटरचा फरक. ऐकणाऱ्याला तो किरकोळ वाटतो. पण टेकताना विमानाला बसणारा धक्का वेगाच्या वर्गाने मोजतात, आणि त्या हिशेबात चार किलोमीटर म्हणजे पाव धक्का कमी. फोमच्या नाकाचं मोडणं किंवा न मोडणं नेमकं त्या पावात असतं.

हळू होण्यासाठी पंखाला जास्त काम करावं लागतं. हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी हळू होणं म्हणजे कमी करणं समजत होते : मोटर कमी, वेग कमी, सगळं कमी. तशी माझी दोन विमानं पडली.

•

मद्रासच्या आकाशात पहिल्यांदा विमान आणलं ते जकोमो डांजेलिस या कॉर्सिकन हॉटेलवाल्याने. 1910 साली, सिम्पसन या घोडागाड्या बांधणाऱ्या कंपनीकडून बांधून घेतलेलं. त्या काळच्या विमानांना फ्लॅप नव्हते. ती इतकी हळू उडत की आणखी हळू व्हायची गरजच नव्हती.

वेग वाढला तेव्हा उतरण्याचा प्रश्न वाढला. पहिल्या महायुद्धात, 1917 च्या सुमारास, इंग्लंडमधल्या फेअरी कंपनीने हॅम्बल बेबी नावाच्या विमानाच्या पंखांची मागची कड बिजागरीवर बसवली. दोन्ही बाजू एकदम खाली करता येत, आणि वळण्यासाठी उलटसुलटही. आज फोमच्या स्वस्त विमानात फ्लॅप हलवणारे वेगळे सर्वो नसले तर आम्ही विमान कुशीवर वळवणारे एलेरॉनच दोन्हीकडे थोडे खाली घेतो. नवं काही केलं असं वाटतं, आणि ते शंभर वर्षांपूर्वीचं निघतं. महायुद्ध संपल्यावर ऑरव्हिल राइटनेही एका सहकाऱ्याबरोबर फ्लॅपचा एक प्रकार काढला. ज्याने पहिल्यांदा उडवलं, तोच पुढे उतरवण्याच्या विचाराला लागला, यात मला नवल वाटत नाही.

आणि 15 ऑक्टोबर 1932. कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला जे. आर. डी. टाटांनी टपाल आणलं, आणि तिथून बेल्लारीमार्गे मद्रासला ते नेव्हिल व्हिंटसेंटने नेलं. मुंबई सोडून चेन्नईला आलेल्या माझ्यासारखीला ही ओळ आपल्या घरची वाटते. विमान होतं पुस मॉथ. त्याला फ्लॅप नव्हते, पण चाकांच्या पायांवरची जी आवरणं होती ती वैमानिकाला आडवी फिरवता येत. फिरवली की ती वाऱ्याला आडवी येत आणि विमान मंदावे. पाय आडवे करून थांबणारं विमान. उतारावर सायकलचा ब्रेक गेला की आपण चपला जमिनीला घासतो, ते मला यात दिसतं. मुंबईची पत्रं अशी मद्रासला उतरली.

•

आमच्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ, मराठीतही जवळपास तेच, त्यामुळे आम्हा दोघांनाही तो शब्द आपापला वाटतो. ते तंजावरच्या मराठी घरातले. घराणं भोसल्यांच्या मागे सतराव्या शतकात दक्षिणेत आलेलं. त्यांच्या मराठीत माझ्या आजीच्याही आधीचे शब्द आहेत, मधेच तमिळ वळण लागतं, आणि कधी कधी त्यांना माझं पुण्या-मुंबईचं मराठी कळत नाही. विमानाशी बोलताना मात्र ते फक्त तमिळ बोलतात.

त्यांच्याकडून मी जे शिकले ते तीन शब्दांत मावतं. कोंजम : थोडं. मेदुवा : हळू. पोदुम : पुरे.

•

पहिलं काम : दोन्ही फ्लॅप सारखे.

किती खाली, हा पुढचा प्रश्न. आधी सारखे. डावा तीस अंश आणि उजवा तेहेतीस अंश, यापेक्षा दोन्ही वीस अंश बरे. कमी फ्लॅपने विमान थोडं जलद उतरेल. असमान फ्लॅपने ते कुशीवर वळेल, आणि तेही जमिनीजवळ, जिथे वळायला जागा नसते.

मी जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचे दोन त्रिकोण कापलेत : एक 15 अंशांचा, उड्डाणासाठी, एक 35 चा, उतरण्यासाठी. पंखाखाली त्रिकोण धरायचा, फ्लॅप त्यावर टेकेपर्यंत आणायचा, मग दुसरी बाजू. अण्णा त्रिकोण वापरत नाहीत. ते डोळे मिटतात, दोन्ही अंगठे दोन्ही फ्लॅपच्या कडेखाली धरतात आणि सांगतात : उजवा केसभर खाली. मी पट्टीने मोजते. उजवा एक मिलिमीटर खाली असतो.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला तेव्हापासून अंगठे आणखी तीक्ष्ण झालेत, असं मला वाटतं. किंवा आता आमचं लक्ष त्यांच्या अंगठ्यांकडे जातं.

•

सर्वो म्हणजे काडेपेटीहून लहान, नऊ ग्रॅमचा एक डबा. त्याला रेडिओकडून दर सेकंदाला पन्नास वेळा एक ठोका येतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला तर हात मध्यावर, एक मिलिसेकंदाचा तर एका टोकाला, दोनचा तर दुसऱ्या. तारेतून त्याला एवढीच भाषा येते.

म्हणून फ्लॅप ओढणारी तार जोडण्याआधी सर्वोला वीज देऊन त्याचं मन जाणून घ्यावं. घाईत आधी तार जोडणारा पुढे महिनाभर रेडिओतल्या आकड्यांनी ती घाई झाकत राहतो. मी झाकली आहे. पंखातलं वाकडेपण पडद्यावर सरळ दिसायला लागतं आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो.

जिथे हाताने नीट होतं, तिथे आकड्याने करू नये.

तारेसाठी सर्वोच्या हाताला आतलं छिद्र घ्यावं, फ्लॅपच्या खुंटीला बाहेरचं. हालचाल कमी मिळते, जोर जास्त. आणि फ्लॅप पूर्ण खाली असताना सर्वोचा हात आणि तार जवळजवळ एका रेषेत यावेत, अशी मांडणी जमली तर हवेचा सगळा रेटा त्या रेषेवरच थांबतो, आतल्या प्लॅस्टिकच्या बारीक दात्यांपर्यंत पोचत नाही. ओझं उचलणाऱ्या माणसाला हे माहीत असतं. मुंबईच्या स्टेशनांवरचे हमाल हात ताठ करून बॅग धरतात, कोपरात वाकवून धरत नाहीत.

आता एक बारीक गोष्ट, जी कुठल्याच विमानाच्या डब्यातल्या कागदावर मी ठळक छापलेली पाहिली नाही. फ्लॅप वर, म्हणजे बंद. आता कान लावा. बारीक भुणभुण येत असेल तर सर्वो फ्लॅपला पंखावर रेटतोय. त्याला वाटतंय अजून जायचं आहे, आणि जागा संपली आहे. असा सर्वो कुणाला न दिसता तापत राहतो, आणि एके दिवशी ऐन वेळी हात टाकतो. बंद असलेला फ्लॅप गप्प असला पाहिजे. अण्णा खोलीतला पंखा बंद करायला लावतात, रस्त्याकडची खिडकी लावून घेतात आणि ऐकतात. चेन्नईच्या उकाड्यात पंखा बंद करून चार माणसं एका फोमच्या पंखावर कान देऊन उभी. मग ते म्हणतात, पोदुम.

•

दोन फ्लॅपचे दोन सर्वो एकाच तारेतून, वायच्या आकाराच्या जोडाने चालतात. पंख आरशातल्यासारखे, म्हणून सर्वोही आरशातल्यासारखे बसवले, तर एकाच ठोक्याने एक फ्लॅप खाली जातो आणि दुसरा वर. एलेरॉनला नेमकं हेच हवं असतं. फ्लॅपला हे चालत नाही. त्यासाठी एक सर्वो उलटा बसवावा लागतो, किंवा मधे ठोका उलटवणारा जोड घालावा लागतो.

एकाच हुकमाने दोघांनी एकाच दिशेला जावं, यासाठी त्यांतल्या एकाला उलटं बसावं लागतं. हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलं आहे, आणि त्याच्यापुढे काही लिहिलेलं नाही.

•

फोमला बिजागरी नसते. फोमच पातळ करून तिथे वाकवलेला असतो. नवा फ्लॅप ताठ असतो, सर्वोला जड जातो. म्हणून तो हाताने वीस-तीस वेळा हळूहळू खालीवर करायचा. एका दमात वाकवला तर फोमला पांढरी चीर पडते आणि ती चीर पुढे वाढतच जाते.

या शहरात फोमचे शत्रू दोन. ऊन पहिलं. मे महिन्यात बंद गाडीच्या काचेमागे ठेवलेला पंख दुपारपर्यंत वेगळा पंख झालेला असतो. माझा झाला होता : उजवा फ्लॅप टोकाकडे पीळ घेऊन वर उचललेला. गरम पाण्यात फडकं पिळून, त्याने शेकून, उलटा पीळ देऊन, थंड होईपर्यंत हातात धरून बसावं लागलं. फोमला आठवण असते. त्याला सरळ करता येतं, पण पुढच्या उन्हात तो पुन्हा त्याच बाजूला ओढ घेतो. आता मी दर वेळी तीच कड आधी पाहते.

दुसरा शत्रू समुद्र. हवेतलं मीठ. फ्लॅपची तार दोन पावसाळ्यांत तांबूस होते आणि आपल्या नळीत करकरू लागते. ज्या तारेचा आवाज येतो तिच्यावर विमान सोपवू नये. तार बदलायला पाच मिनिटं लागतात.

•

फ्लॅप खाली आला की विमानाचं नाक वर जातं. शिकणाऱ्याला हे उलटं वाटतं. पंखामागची हवा आणखी खाली वाकलेली असते, ती शेपटीवर वरून दाब देते, शेपूट दबते, नाक उठतं. विमान फुग्यासारखं वर चढतं, वेग सांडतं, आणि वेग सांडला की पुढचं सांगायला नको.

म्हणून फ्लॅपच्या प्रत्येक अंशाबरोबर शेपटीच्या पट्टीला थोडं खाली जायला शिकवावं लागतं. रेडिओत ते जोडून ठेवता येतं. किती? शेकड्यात दोन-चार-पाच. कोंजम. हा आकडा टेबलावर सापडत नाही. त्यासाठी विमान उंच न्यायचं, चूक झाली तर सावरायला पुरेल इतकं उंच, वेग कमी करायचा, फ्लॅप सोडायचे आणि नाकाकडे पाहायचं. मग उतरायचं, एक आकडा बदलायचा, पुन्हा चढायचं. बॅटरी आठ-दहा मिनिटांची. एका सकाळी तीन आकडे तपासून होतात, फार तर चार.

पंखात केलेल्या प्रत्येक बदलाचा जाब शेपटीला द्यावा लागतो, आणि तो आधीच ठरवून ठेवलेला असावा. माझ्या घरातलं उदाहरण मी इथे देणार होते. नको. विमानापुरतंच असू दे.

आणि मेदुवा. कळ खाली ओढली की सर्वो डोळ्याचं पातं लवायच्या आत टोकाला जातो. तसं होऊ द्यायचं नाही. रेडिओत त्याचा वेग बांधता येतो : वरून खाली यायला दोन-तीन सेकंद. तेवढ्या वेळात विमानाला कळतं की काही बदलतं आहे. तोच फ्लॅप, तेवढेच अंश. एकदम आला तर धक्का देतो, हळू आला तर आधार देतो. अण्णांचं विमान उतरताना पाहिलं की फ्लॅप कधी आला ते कळतच नाही. वेग गेलेला असतो, नाक सरळ असतं.

•

पळ्ळीकरणैची दलदल शहराच्या दक्षिण अंगाला आहे. एके काळी फार मोठी होती. शहराने तिचा पुष्कळ भाग खाल्ला, उरलेल्या भागाला 2022 मध्ये रामसर यादीत जागा मिळाली. हिवाळ्यात आमचं मैदान पाण्याखाली असतं तेव्हा मी तिथे जाते. पेलिकन उतरताना पाहायला. आपल्याकडे त्याला झोळीवाला म्हणतात. चार-पाच किलोचा पक्षी, माझ्या विमानाच्या तिप्पट. तो येतो तेव्हा पंख घुमटासारखे वाकवतो, शेपूट पसरतो, पाय पुढे करतो आणि पाण्यावर दोन रेघा ओढत थांबतो.

दुर्बिणीतून पाहिलं तर त्याचे दोन पंख कधीच सारखे नसतात. डावीकडे एक पीस उघडलेलं, उजवीकडे मिटलेलं. पुढच्या क्षणी उलट. वाऱ्याची प्रत्येक लहर तो वेगळ्या पिसाने घेतो. मला हे पाहून आधी वाईट वाटलं. आम्ही आठवडाभर मिलिमीटर मिलिमीटर करून जी बरोबरी आणतो, ती त्याला नकोच आहे.

नंतर समजलं. ज्याला क्षणोक्षणी बदलता येतं, त्याला आधी जुळवून ठेवायची गरज नाही. आम्ही जमिनीवर, विमानापासून शंभर मीटर दूर उभे. वारा आमच्या गालाला लागतो, पंखाला लागलेला कळत नाही. म्हणून आमची बरोबरी. न कळणाऱ्या वाऱ्यासाठी केलेली ती तयारी आहे.

•

क्रोमपेटला मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे, 1949 पासून. अब्दुल कलाम तिथे शिकत होते तेव्हा आवारात सेवेतून निवृत्त झालेली दोन विमानं ठेवलेली होती, विमानाचे भाग समजावून देण्यासाठी. इतर मुलं वसतिगृहावर परतली तरी आपण त्या विमानांपाशी बसून राहत असू, असं त्यांनी आत्मचरित्रात सांगितलं आहे. लोकांना त्यांचे अग्निबाण आठवतात. मला ती संध्याकाळ दिसते : न उडणारं विमान आणि त्याच्याशेजारी बसलेला एक मुलगा. उभ्या विमानाच्या फ्लॅपला हात लावता येतो. बोटाने खाली दाबता येतो, सोडता येतो. उडणाऱ्या विमानाची ओळख फक्त डोळ्यांना होते.

•

गेल्या मोसमातली गोष्ट. सकाळचा वारा पडलेला, ऊन चढायचं होतं. मी उतरायला वळले, पूर्ण फ्लॅप घेतला आणि विमान डावीकडे कलंडलं. मी उजवा एलेरॉन दिला. पूर्ण दिला. ते कलंडतच राहिलं, आणि कडेच्या वेड्या बाभळीत शिरलं.

डाव्या सर्वोचा जोड अर्धाच बसला होता. मीच बसवला होता, पहाटे, टॉर्चच्या उजेडात. उजवा फ्लॅप उतरला, डावा जागेवर राहिला, उजवा पंख उचलला गेला.

अण्णांनी काट्यांतून पंख काढायला मदत केली आणि मग विचारलं, "शेवटी काय केलंस मा?"

"उजवीकडे ओढलं, अण्णा. पूर्ण."

"त्याच्या आधी?"

त्याच्या आधी मी फ्लॅप घेतला होता. तो परत घ्यायला हवा होता. एका बोटाचं काम होतं. पण गडबड झाली की माणूस नवं काहीतरी करतो. आपण नुकतंच केलेलं मागे घ्यावं हे सुचत नाही, कारण ते चुकलं असेल असं मनात येत नाही. मी तर ते इतकं नीट जुळवलं होतं.

आता उडण्याआधी मी फ्लॅप तीनदा खालीवर करते आणि विमानाच्या मागे जाऊन उभी राहून पाहते. रेडिओकडे पाहत नाही, मोटरकडे पाहत नाही. दोन कडा, एका रेषेत, एका वेळी. काट्यांचे व्रण अजून पंखावर आहेत. फोमला टोचलेलं भरून येत नाही, पण उडायला अडत नाही.

•

आमच्यातले काही जण फ्लॅप वापरतच नाहीत. फोमचं विमान मुळात हलकं, त्याला काय करायचंय, असं म्हणतात. दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो तेव्हा त्यांचं म्हणणं बरोबर ठरतं. वारा समोरून ताशी 15 किलोमीटरने येत असेल तर 26 ने उडणारं विमान जमिनीवरून पाहिलं तर 11 नेच पुढे येतं. हळू धावणाऱ्या माणसाइतकं. तेव्हा पूर्ण फ्लॅप घेतला तर विमान जागच्या जागी लोंबकळतं, आणि एक झुळूक त्याला पालथं करते. अशा संध्याकाळी अर्धाच फ्लॅप, किंवा अजिबात नाही.

विमानाला फक्त हवा माहीत असते. जमीन आपल्याला माहीत असते. हळू की जलद हे दोघांच्या दृष्टीने वेगळं आहे, आणि कळीवर बोट ठेवताना दोन्ही दृष्टी एकदम सांभाळाव्या लागतात. हे मला अजून नेहमी जमत नाही.

पण वारा पडलेला असतो, धावपट्टी आखूड असते आणि कडेला ताडाची झाडं उभी असतात, तेव्हा फ्लॅपशिवाय उतरून दाखवावं. ताडांवरून यायचं म्हणजे उंच यायचं. उंचावरून लवकर खाली यायचं म्हणजे नाक खाली करायचं, आणि नाक खाली केलं की वेग वाढतो. उंचीही गमवायची आणि वेगही वाढू द्यायचा नाही, ही अशक्य वाटणारी मागणी फ्लॅप पुरी करतो. त्यासाठी तो हवेला आडवा येतो. जी ओढ उडताना नको असते, तीच इथे कामाला येते. त्याच्यावरचा माझा जीव मुख्यतः यासाठी आहे.

आणि एकदा घेतलेला फ्लॅप जमिनीजवळ एकाएकी सोडू नये. धावपट्टीवर शेळी आली, पुन्हा वर जायचं ठरवलं, तर आधी मोटर, मग विमान चढू लागलं की फ्लॅप, तेही टप्प्याटप्प्याने. आधार काढून घ्यायला आधार देण्याइतकाच वेळ लागतो.

•

डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर एक नकाशा आहे. 2021 च्या ड्रोन नियमांनंतर कुठे आणि किती उंच उडवायचं ते त्यावर पाहावं लागतं. हिरव्या भागात 400 फूट, विमानतळाच्या सीमेपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200. मीनंबाक्कमचा विमानतळ शहराच्या पोटात आहे, तांबरमला हवाई दल आहे, त्यामुळे आम्हाला लांब जावं लागतं. पहाटे साडेचारला निघायचं, गाडीत मागच्या सीटवर पंख, पंखावर ओलं फडकं.

यंदा जमीन मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आली. अण्णा आले होते, पण रेडिओ आणला नव्हता. आता आकाशातलं विमान त्यांना ठिपक्यासारखंही दिसत नाही, असं त्यांनी गाडीत सांगितलं. उन्हाळा फार आहे असं सांगावं तसं. शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे.

ते खुर्ची टाकून धावपट्टीच्या कडेला बसले. मी त्यांच्या मांडीवर माझा पंख ठेवला. त्यांनी दोन अंगठे दोन कडांखाली धरले. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"पोदुम," म्हणाले.

मी पंख बसवला, जोड दोनदा दाबून पाहिले, विमानाच्या मागे उभं राहून तीनदा फ्लॅप पाहिले आणि उडवलं. सात मिनिटांनी उतरायला वळले. ताडांच्या वर आल्यावर कळ मध्यावर, मग खाली. त्यांना विमान दिसत नव्हतं. ते डोकं थोडं कलवून ऐकत होते. मोटरचा आवाज बारीक झाला, मग थांबला, आणि हवेचा एक खरखरीत, भरलेला आवाज येऊ लागला. मला तो आधी कधी ऐकू आला नव्हता.

"आले का दोन्ही?" त्यांनी विचारलं.

"आले, अण्णा."

"मेदुवा मा."

चाकं टेकली, धूळ उठली, विमान भेगांवरून थडथडत गेलं आणि बाभळींच्या बऱ्याच आधी थांबलं. वाळल्या गवतात फ्लॅप अडकून सर्वोचे दाते जाऊ नयेत म्हणून मी कळ वर घेतली आणि विमान आणायला चालत निघाले.